ओट्यासकट लिवा

अल क्वोज

दक्षिणेला जायची कल्पना कॅनडाच्या एका म्हाताऱ्याची, गाडी आमच्या चकल्यांची आणि हट्ट माझा.

माझे यजमान श्रीकांत यांच्या साइटवर तो म्हातारा इंजिनिअर होता. एकदा आमच्याकडे जेवायला आला आणि पुरणपोळीला टोमॅटो सॉस लावून खाता खाता सांगायला लागला, की त्यांच्याकडे पानगळ सुरू झाली की रिटायर झालेली माणसं घरासारखी गाडी काढतात, तिच्यात पलंग, चूल, संडास सगळं असतं, आणि दक्षिणेची वाट धरतात. अख्खी थंडी गाडीतच काढायची आणि बर्फ वितळलं की घरी. मला सॉसचं दुःख होत होतं तरी कान तिकडेच होते.

आमचं दुबईत सगळं उलटं. आम्ही उन्हाळ्याला तोंड लपवतो. मे ते सप्टेंबर फ्लॅटचा एसी, गाडीचा एसी, मॉलचा एसी, की पुन्हा फ्लॅट. दिवाळी उलटली की मग खिडक्या उघडतात, गॅलरीत चहा होतो, बायका शाल शोधायला लागतात. म्हणजे आमचा प्रवासाचा मोसम पानं गळतात तेव्हाच सुरू होतो, फक्त इथे गळायला पानं नाहीत. मी त्याच दिवशी ठरवलं की आपणही दक्षिणेला जायचं. लिवाला, जिथे रस्ता संपतो आणि पुढे सौदीपर्यंत नुसती वाळू.

मी नलिनी. अल कुसैसला माझं छोटं किचन आहे. वर्षभर पोळीभाजीचे डबे आणि दिवाळीला फराळ. श्रीकांत यांचं अल क्वोजला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, साइटवरच्या पत्र्याच्या केबिनी वगैरे बनवतात. माझी फराळाची जुनी पांढरी व्हॅन, उंच टपाची, त्या वर्षी म्हणजे अठ्ठ्याण्णवला रिटायर झाली होती. ती विकायची सोडून श्रीकांतनी वर्कशॉपमध्ये ओढून नेली आणि तिचं घर करायला घेतलं.

त्याला कारण होतं. जूनमध्ये त्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवायची नाही, पुढचं पुढे बघू. ज्या माणसाने सातही अमिराती पालथ्या घातल्या, त्याला आता सकाळी वर्कशॉपला बायको सोडणार आणि संध्याकाळी बायको आणणार. घरात बोलणं बंदच झालं. काही विचारलं की "हं", नाही तर "बघू". त्यांची ती गप्प पाठ बघून मला रडू यायचं, खरंच सांगते. त्या व्हॅनपाशी मात्र माणूस बोलायचा. पलंग असा, पाण्याची टाकी अशी, पंखा इथे. मी मुद्दाम नवनवी खुसपटं काढायची, म्हणजे आणखी बोलतील.

ओट्याची हौस त्यातलीच. मी म्हटलं, स्टीलचा पत्रा टाका, चालेल. तर म्हणाले, "पत्र्यावर तू पोळ्या लाटणार? दणदण वाजेल. तुझ्या ओट्यात तडजोड नाही." एका व्हिलाच्या कामातला काळा ग्रॅनाइट उरला होता, तो घासूनपुसून व्हॅनच्या डाव्या अंगाला बसवला. चार माणसांनी उचलून आत घेतला. आता ओटा म्हणजे काय ते आपल्या बायकांना सांगायला नको. कणीक मळताना जोर घेणारा, पोळपाट हलू न देणारा, ओल्या फडक्याने पुसला की आरशासारखा. मी त्यावर हात फिरवला आणि अंगावर मूठभर मांस चढलं. दुबईत लोकांच्या बायकांना सोनं मिळतं. मला चाकांवरचा दगडी ओटा मिळाला. लोखंडाचं वजन तोंडपाठ असलेल्या माणसाला दगडाचं वजन विचारावं, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

गाडी तयार झाली आणि श्रीकांत पुन्हा गप्प. ड्रायव्हरची सीट त्यांनी स्वतःच्या मापाने पक्की वेल्ड केली होती. ते सहा फूट, मी पाच फुटांना दोन इंच कमी. एक दिवस म्हणाले, "चालवणारा नाही तर गाडी कशाला? शेजारचा पठाण भंगाराच्या यार्डात घ्यायला तयार आहे."

"मी आहे की चालवणारी," मी म्हटलं.

"नलू, तू अल कुसैसमध्ये डबे टाकतेस. हे वाळवंट आहे."

पुष्कळ वादावादी झाली. शेवटी म्हणाले, "एकच फेरी. टोचन करून आणावी लागली तर तशीच पठाणाच्या यार्डात."

"आणि नाही लागली तर?"

"बघू."

या "बघू"वर मी निघाले. गाडी राहिली तर हा माणूस बोलता राहील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तरीफचा फाटा

डिसेंबरात नॅशनल डेला जोडून सुट्ट्या आल्या होत्या. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, बॉनेटला हळदकुंकू लावलं. शेजारच्या साने वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "नलिनी, तू? एवढा ट्रक?" मला लायसन्स पाचव्या टेस्टला मिळालं हे अख्ख्या मराठी मंडळाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "ट्रक नाही वहिनी, घर आहे. घर मीच चालवते." आणि पाठीमागे लोड, खाली उशी, अशी बसून निघाले.

अबू धाबीपर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही. श्रीकांत शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. "मिरर बघ. लेन सोडू नकोस. ट्रक येतोय मागून." आमची मुग्धा, वय वर्षं तेरा, कानात वॉकमन घालून पलंगावर. तिला मी मराठीत काही विचारलं की उत्तर येतं इंग्लिशमध्ये. "मुग्धा, लाडू देऊ?" "नो थँक्स, आय ॲम फाइन." दोन मिनिटांनी डबा उघडल्याचा आवाज.

तरीफच्या अलीकडे एका पंपावर चहाला थांबलो. इकडची ही रीत मला फार आवडते. गाडीतून उतरायचं नाही, नुसता हॉर्न द्यायचा, की टपरीवरचा मलबारी कागदी कपात कडक चहा घेऊन खिडकीशी हजर. पुण्यात माझ्या माहेरी कुणाच्या दाराशी हॉर्न वाजवून चहा मागा बरं. चहाचा दिरहॅम दिला आणि सवयीने तोंडातून गेलं, "साडेअकरा रुपये." श्रीकांत पहिल्यांदा हसले. "अकरा वर्षं झाली नलू, आता तरी सोड." चहावाल्याने माझ्याकडे, मग माझ्यामागच्या लोडाकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम ड्रायव्हर?" मी म्हटलं, "मॅडम ड्रायव्हर." श्रीकांत खिडकीबाहेर बघत राहिले.

तरीफला सौदीकडे जाणारे ट्रक सरळ गेले आणि आम्ही डावीकडे वळलो. इथून खरी दक्षिण. रस्ता एकटा पडतो. वाळूचा रंग बदलत जातो. समुद्राजवळ ती मिठासारखी पांढुरकी असते, मग पिवळी, आणि लिवा जवळ आलं की खरपूस भाजलेल्या बेसनासारखी. मला तर वासही आल्यासारखा वाटला. टेकड्या हळूहळू एवढ्या उंच होतात की मुग्धाने वॉकमन काढला. ती पुढे येऊन आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली.

मदिनत झायेदच्या पुढे रस्त्यालगतच्या कडक जमिनीवर मुक्काम केला. पहिलं पिठलं, पहिला भात, पहिली भाकरी त्या ओट्यावर. थापताना ओटा तसूभर हलला नाही. बाहेर अंगात स्वेटर घालायची थंडी. श्रीकांतनी दुसऱ्यांदा पिठलं मागून घेतलं आणि स्वतःहून म्हणाले, "ग्रॅनाइटच पाहिजे." मी मान डोलावली. मनातून सांगते, त्या क्षणी मी कॅनडाच्या सगळ्या म्हाताऱ्यांना मागे टाकलं होतं.

लिवा

लिवा म्हणजे एक गाव नव्हे. वाळूच्या डोंगरांच्या खोबणीत खजुरीच्या बागा, एका बागेपुढे दुसरी, अशी लांबच लांब ओळ. चहूकडून वाळू आणि मध्ये हिरवंगार. पाणी खाली आहे म्हणे, थोडं खणलं की लागतं. मला आमच्या कोकणातल्या पोफळीच्या बागांची आठवण झाली, फक्त तिथे बागेबाहेर पाऊल टाकलं तर चिखल, इथे भट्टीची राख.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बागेजवळ सावली बघून मी गाडी रस्त्यावरून खाली घेतली. दहा पावलं नीट गेली आणि डावं मागचं चाक बसलं. मी रेस दिली, ते आणखी बसलं. गाडी डावीकडे अशी कलली की आत फडताळातून चकल्यांचा डबा खाली आला.

श्रीकांतना वाळू माहीत आहे. ते उतरले, चारही टायरांची हवा कमी केली, हातांनी वाळू उपसली. मी हळू गिअर टाकला. उजवं चाक उचललं आणि डावं आणखी आत. मुग्धा आणि ते मागून ढकलत होते. "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग," ती म्हणाली. तिकडे बघायला चिटपाखरू नव्हतं, पण तेराव्या वर्षी वाळवंटाचीही लाज वाटते.

श्रीकांत गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले, कललेल्या अंगाकडे पाहिलं, मग दारातून आत ओट्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. सगळं वजन डावीकडे. आमचा लाडका दगड चाकाच्या बरोबर वर बसून गाडीला जमिनीत दाबत होता. दोघांनाही एकदमच कळलं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात बागेतून एक लँड क्रूझर आली. पांढरी पायघोळ कंदुरा, म्हणजे त्यांचा झगा, घातलेला, पांढऱ्याच दाढीचा एक माणूस उतरला. बागेचा मालक हमद. त्या पिढीचे अरब मुंबईच्या व्यापारामुळे हिंदी बोलतात, तसाच हाही. "गाडी बैठ गया? कोई मुश्किल नहीं. रस्सी है. यल्ला." आणि खरंच मागून जाडजूड दोर काढला.

दोर लागला की टोचन, आणि टोचन म्हणजे पठाणाचं यार्ड. दोर बांधायला दोन मिनिटं, आणि माणूस इतका भला की नको म्हणायला तोंड नाही. मी श्रीकांतकडे पाहिलं. ते दोराकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, लावा.

मी म्हटलं, "अहो, ओटा काढा."

"काय?"

"ओटा काढा आणि चाकाखाली घाला."

ते माझ्याकडे बघत राहिले. किती तरी दिवसांनी असे सरळ बघत होते. मग हमदकडे वळले आणि म्हणाले, "दो मिनट, बाबा. रस्सी रखो. ये निकालेगी."

"ये? मॅडम?"

"हां. ये."

हमद दोर हातात घेऊन बॉनेटला टेकून उभा राहिला. करमणूक कोण सोडतो?

श्रीकांतनी आपल्या हातांनी बोल्ट काढले. दगड उतरवायला हमदने त्याच्या बागेतली माणसं बोलावली. डाव्या चाकापुढे खळगा उपसून ओटा तिरका आत सरकवला, उजवीकडे पलंगाची फळी टाकली. ओटा गेल्याबरोबर गाडी हातभर सरळ झाली. मी लोड सारखा केला आणि बसले. श्रीकांत समोर जाऊन उभे राहिले, क्रेनवाल्याला खुणा करतात तसे हात वर करून. मी वाळू बघितली नाही, हमद बघितला नाही, फक्त त्यांचा हात बघितला. बोटं हलली, मी क्लच सोडला. पाय हलका ठेवला. मागे कडाड असा आवाज आला, पण हात अजून पुढे बोलावत होता म्हणून मी थांबले नाही. गाडी दगडावर चढली, दगडावरून पुढे गेली आणि थेट बागेच्या कुंपणापाशी कडक जमिनीवर जाऊन उभी राहिली.

उतरून मागे आले. ओट्याचे दोन तुकडे झाले होते, एक मोठा, एक छोटा. श्रीकांत त्यांच्याकडे बघत होते.

"फुटला," म्हणाले.

"फुटू दे. माझ्या ओट्यावरून मी अख्खं घर चालवलं."

मग ते हसायला लागले, आणि हसता हसता खाली वाळूतच बसले. मुग्धा म्हणाली, "आई, दॅट वॉज ॲक्च्युअली कूल." हमदने दोर गुंडाळून गाडीत टाकला आणि म्हणाला, "खलास. अब कहवा पीना पडेगा."

त्याच्या घरी पुरुष एकीकडे आणि आम्ही बायका आत. हमदची बायको उम्म सालेम, सत्तरीची, तोंडावर बुरखा, म्हणजे तो त्यांचा सोनेरी चकाकीचा, मिशीसारखा मुखवटा. तिला हिंदी तुटक येत होतं, मला अरबी यल्ला-खलासच्या पुढे नाही, पण दोघींना खायला घालायची भाषा येत होती. खजूर, ताक, वरून तूप सोडलेली पातळ रोटी. मी फराळाचा डबा उघडला. चकली तिला फार आवडली. आपल्याकडे पाहुणा आला की आधी गाव, मग आडनाव, मग नोकरी, मग भाड्याने की स्वतःचं. इथे कुणी काही विचारलं नाही. आधी खा. तिने सगळं झाल्यावर एकच विचारलं, गाडीत घर का?

मी सांगितलं, उन्हाळा संपला की घर घेऊन फिरायचं. ती मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, हम भी. तिच्या लहानपणी उन्हाळ्यात बाप मोती काढायला समुद्रावर आणि बाकी घरदार उंटांवर लादून लिवाला खजुरासाठी. थंडी आली की उंट चारायला पुन्हा वाळवंटात. घर म्हणजे बकऱ्याच्या केसांच्या कापडाचा तंबू, तो उंटावर. "ऊँट कौन चलाया?" मी विचारलं. तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग माझ्या छातीवर ठेवलं, आणि बुरख्याआड हसली. मला त्या दिवशी ज्या शाबासक्या मिळाल्या, त्यात ही सगळ्यात मोठी.

तिला घर बघायचं होतं. आत आली, पलंगावर बसली, नळ सोडून पाहिला. ओट्याच्या रिकाम्या जागी बोट दाखवलं, तर मी बाहेरचे तुकडे दाखवले. चाकांच्या घरात दगड कशाला, हे मला तिला समजावता येईना. शेवटी मी छोटा तुकडा जमिनीवर ठेवून त्याच्यावर कणीक मळून दाखवली. तिने हात लावला, दाबून पाहिला आणि मान डोलावली. मोठा तुकडा ठेवशील का, म्हणून मीच विचारलं. संध्याकाळच्या आत तो तिच्या परसातल्या नळाखाली विटांवर बसला होता आणि त्यावर मासे साफ होत होते. श्रीकांत स्वतः जाऊन लेव्हल बघून आले. आज लिवाला एका बागेत अस्सल मराठी ओटा आहे, थोडा तुटका, पण लेव्हलमध्ये.

छोटा तुकडा परत गाडीत, मधोमध. एक शेगडी आणि एक पोळपाट, एवढाच मावतो. गाडी आता सरळ उभी राहते.

पुन्हा अल क्वोज

परतीच्या वाटेवर श्रीकांतनी एकदाही नसलेला ब्रेक दाबला नाही. बोलत होते. टाकी उजवीकडे घेऊ, पुढच्या गुरुवारी, इकडे सुट्टी शुक्रवारची, फुजैराला जाऊ, मार्चपर्यंत किती गुरुवार येतात ते मोज. तरीफच्या त्याच पंपावर मी हॉर्न दिला, तोच चहावाला आला, आणि त्याने काही विचारायच्या आधीच हे म्हणाले, "लिवा जाके आया. मॅडम ने निकाला गाडी रेत में से, बिना रस्सी." तो बिचारा म्हणाला, "शक्कर कितना?"

अल कुसैसला गाडी लावली तेव्हा साने वहिनी गॅलरीतच होत्या. मी काही सांगितलं नाही. श्रीकांतनी खालूनच सगळं सांगितलं, मोठ्याने, दोन मजले ऐकतील असं.

शनिवारी वर्कशॉपमध्ये नेऊन टाकी बदलायची होती. मी गाडी सोडून किचनला गेले. संध्याकाळी घ्यायला गेले तर व्हॅनमधून ठिणग्या उडत होत्या. ग्राइंडर बंद करून श्रीकांत उतरले, चष्म्यावर लोखंडाची पूड. त्यांनी सीटचं वेल्डिंग कापून ती पुढे आणली होती, वर उचलली होती आणि पुन्हा पक्की केली होती.

"बसून दाखवा," मी म्हटलं.

ते बसले. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. गुडघे स्टिअरिंगला अडले, डोकं समोरच्या सन-व्हायजरला लागलं.

"अहो, आणि तुमचा डोळा बरा झाल्यावर?"

"बरा झाल्यावर खिडकीतून नीट दिसेल ना मला," ते अवघडून उतरत म्हणाले. "एवढी वर्षं रस्त्यावर नजर. आजूबाजूचं कुठे बघायला मिळालं?"

मी लोड आणि उशी काढून मागे पलंगावर टाकली आणि बसले. पाय पोचले.